गावात व्याख्यान ठेवलं, ऐकायला कोणी आलं नाही: विद्यापीठाच्या संशोधनात लोकांना कसं सामील करावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही विद्यापीठात पर्यावरणशास्त्र शिकवता. गावातल्या विहिरींमधल्या नायट्रेटवर, म्हणजे शेण, सांडपाणी, खतं यांतून पाण्यात उतरणाऱ्या क्षारावर, तुमचा तीन वर्षांचा प्रकल्प चालू आहे आणि निधी देणाऱ्या संस्थेनं त्यात 'समाजसंपर्क' असं एक कलम घातलंय. म्हणून तुम्ही ग्रामपंचायतीच्या सभागृहात स्लाइड्स घेऊन व्याख्यान ठेवलंत. आलं कोण, तर मुख्याध्यापकांनी रांगेनं आणून बसवलेली सातवी-आठवीची मुलं, ग्रामसेवक आणि पंख्याखाली टेकायला आलेले एक-दोन आजोबा. आता तुम्ही विचारताय, पुढच्या वेळी पथनाट्य करावं, प्रदर्शन भरवावं की व्हॉट्सअॅप ग्रुप काढावा?

तिन्ही प्रकार मी केलेत. पथनाट्याला टाळ्या पडतात, प्रदर्शनाला शाळा येतात आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवड्याभरात शुभ सकाळची फुलं सुरू होतात. तुमची अडचण माध्यमाची नाहीच. विहिरी कुठल्या घ्यायच्या ते तुम्ही ठरवलंत, नमुने तुम्ही नेलेत, तपासणी तुमच्या प्रयोगशाळेत झाली, निष्कर्ष इंग्रजी जर्नलकडे गेले. सगळं उरकल्यावर गावाला बोलावणं गेलं. तिथं गावाला करण्यासारखं एकच काम शिल्लक होतं, ऐकण्याचं. त्यासाठी ज्वारीची काढणी टाकून कोण येणार? मी तुमच्या जागी असते तर 'लोकांना कसं सांगू' हा प्रश्न बाजूला ठेवून दोन गोष्टी आधी विचारल्या असत्या: या कामात लोकांनी करावं असं काय आहे, आणि त्यातून त्यांच्या पदरात काय पडणार आहे?

हे सगळ्या विषयांना सारखं लागू पडत नाही, हेही सांगते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. पल्सारवर, म्हणजे ठरावीक लयीनं रेडिओ लहरी पाठवणाऱ्या ताऱ्यांवर, काय शोधायचं ते जुन्नर तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी ठरवावं असं कोणी म्हणणार नाही. तरीही शेजार आहेच. रेडिओ गोंगाट कमी म्हणून ती जागा निवडली गेली आणि तो कमीच राहावा म्हणून आसपासच्या उद्योगांवर, मोबाइल टॉवरवर बंधनं येतात. म्हणजे गावकरी त्या संशोधनासाठी काहीतरी सोसतातच. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथं दारं उघडतात, आणि मला आवडणारी गोष्ट अशी, की शाळा-कॉलेजांतली मुलं तिथं स्वतःचे प्रयोग मांडतात. आईबाप येतात ते पोरीचा प्रयोग बघायला, आणि आलेच आहेत तर दुर्बिणीबद्दलही चार प्रश्न विचारतात. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिकाही मुलांच्या हातात वस्तू देऊन त्यांनाच करून बघायला लावते. मूलभूत विज्ञानात एवढं साधलं तरी पुष्कळ. तुमचा विषय मात्र पिण्याच्या पाण्याचा आहे. तिथं वर्षातून एकदा दारं उघडून भागत नाही.

लोकांचा प्रश्न कुठला आणि आपला कुठला, यातला फरक दाखवणारं महाराष्ट्रातलं सगळ्यात चांगलं उदाहरण विद्यापीठातलं नाही, गडचिरोलीत आरोग्यावर काम करणाऱ्या 'सर्च' या संस्थेचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये संस्था उभी केली आणि सुरुवातीच्या काळातच आदिवासींमधल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा अभ्यास केला. शास्त्र म्हणून काम मोलाचं होतं. पण ज्यांच्यासाठी केलं त्यांना त्यात फारसा रस नव्हता, कारण त्यांना सतावणारे प्रश्न दुसरेच होते. बंग दांपत्यानं हे स्वतः मोकळेपणानं सांगितलंय. नंतर तिथल्या दोन गावांतल्या स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. बायका निमूट सोसत होत्या ते दुखणं पहिल्यांदा आकड्यात आलं. पुढं नवजात बाळांच्या अभ्यासात तर गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या. बाळाचं वजन, ताप, श्वासाचा वेग हे सगळं त्या घरी जाऊन बघत, नोंदवत आणि उपचारही करत. १९९९ च्या 'लॅन्सेट'मधल्या लेखात नवजात मृत्युदर निम्म्याहून खाली आल्याचं दिसलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन जातात त्याची मुळं या कामात आहेत. त्यांच्या अहवालात 'समाजसंपर्क' असा वेगळा रकाना शोधायला गेलात तर सापडायचा नाही. माहिती गोळा करणारे हातच गावातले होते.

आता तुमच्या नायट्रेटकडे येऊ. भारतीय मानकानुसार लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. फ्लोराइडला जशी, दुसरा स्रोत नसेल तर १ ऐवजी दीड मिलिग्रॅमपर्यंत चालेल अशी सवलत आहे, तशी नायट्रेटला नाही. तुमच्या स्लाइडवर हेच असणार. ऐकणाऱ्या बाईच्या मनात मात्र वेगळंच चालू असतं: आमच्या विहिरीत किती निघालं? पाणी उकळलं तर जाईल का? धाकट्या जावेचं बाळ चार महिन्यांचं आहे, त्याला काही होईल का? या तीन प्रश्नांची उत्तरं खिशात नसतील तर सभा घेऊच नका, नुसती भीती पसरेल. उकळल्यानं नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरनं जंतू मरतात, नायट्रेट होतं तेवढंच राहतं. कँडलच्या फिल्टरचा उपयोग नाही. आरओनं कमी होतं. सगळ्यात जपायचं ते सहा महिन्यांच्या आतल्या आणि वरच्या दुधावर असलेल्या बाळांना, कारण दुधाची पावडर त्याच पाण्यात कालवली जाते. बाळ अंगावर पीत असेल तर हे भय नाही, एवढं सांगितलं तरी त्या बाईचा जीव भांड्यात पडतो. त्याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे गावातल्या कुठल्या विहिरीचं, कुठल्या हातपंपाचं पाणी ४५ च्या आत आहे त्याची यादी. तुमच्याकडे ती तयार असेल. पेपरमध्ये मात्र फक्त जास्तीची टक्केवारी गेली असेल.

नमुन्यांच्या जागा ठरवण्याआधीच लोकांना बरोबर घेतलं तर काय फरक पडतो, ते एका गावातल्या कामावरून सांगते. आम्ही गावठाणाचा मोठा नकाशा छापून घेतला आणि बचत गटाच्या बायकांबरोबर गल्लीगल्लीतून फिरलो. उकिरड्याला एका रंगाची टिकली, शोषखड्ड्याला दुसऱ्या, विहिरीला आणि हातपंपाला तिसऱ्या. टिकल्या कपाळाला लावायच्याच, एकीनं घरातून पाकिटं आणली होती. आमच्या यादीतल्या एका हातपंपापाशी आलो तर एक मावशी म्हणाल्या, "हा होळीनंतर हवा ओढतो. मग आम्ही बापूंच्या विहिरीवर जातो." आमच्या उन्हाळी नमुन्यांत तो हातपंप होता आणि बापूंची विहीर नव्हती. शेतातली विहीर म्हणून आम्ही ती सिंचनाच्या खात्यात टाकली होती. म्हणजे सगळं मे महिनाभर ती गल्ली जे पाणी पिते त्याची तपासणीच होणार नव्हती. पुढं गेल्यावर आणखी एक गोष्ट निघाली. उकिरडे वर्षभर साठतात आणि पावसाआधी शेतात नेऊन टाकतात, त्यामुळं पहिल्या मोठ्या पावसानंतरचा नमुना गावठाणातला वेगळा आणि मळ्यातला वेगळा वागणार. हे रसायनशास्त्राच्या पुस्तकात नव्हतं. त्या बायकांना ते इतकं साधं वाटत होतं, की आम्ही विचारलं नसतं तर त्यांनी सांगितलंही नसतं.

त्याच फेरीत खरा तिढाही कळला. "उकिरडा विहिरीपासून लांब न्या" हे सांगायला आपलं काय जातं? "नेऊ की, पण जागा कुणाची?" हा त्यांचा प्रश्न होता. गावठाणात जागा नाही, गायरानावर अतिक्रमण, आणि ज्यांना शेतच नाही त्यांनी शेण टाकायचं कुठं? या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळेत नाही, ग्रामसभेत आहे. संशोधकानं तिथं आकडे घेऊन हजर असावं आणि विचारल्यावर बोलावं.

सभेच्या जागेबद्दलही थोडं सांगते, कारण यावर कोणी लिहीत नाही. ग्रामपंचायतीचं सभागृह ही सगळ्यांची जागा आहे असं कागदावर असतं. प्रत्यक्षात दलित वस्तीतल्या बायका, तांड्यावरची माणसं तिथं येऊन बसतात का, बसली तर बोलतात का, ते एकदा बघा. वस्तीतल्या समाजमंदिरात वेगळी बैठक घ्या, आणि तीच आधी घ्या. वेळ बायकांना विचारून ठरवा. मजुरीला जाणाऱ्या बाईला सकाळी अकराची सभा म्हणजे एका दिवसाच्या रोजावर पाणी. आशाताई, अंगणवाडीताई आणि जलसुरक्षक यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. गावातल्या पाण्याचे नमुने तपासणीला पाठवण्याचं काम जलसुरक्षक करतच असतो. जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायकांना तपासणी संच वापरायचं प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. बऱ्याच गावांत तो संच कपाटात पडलेला असतो. तुमच्या विद्यार्थ्यांनी त्या बायकांबरोबर बसून संचाचं माप आणि प्रयोगशाळेचं माप ताडून पाहिलं, तर तुम्हाला एक चांगला पेपर मिळेल आणि त्यांना आपल्या हातच्या मापावर भरवसा येईल.

पाण्याच्या पातळीचंही असंच आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. तालुक्याचा कल समजायला ते पुरतं. पण दिवाळीच्या आसपास गहू घ्यावा की हरभऱ्यावर भागवावं, ते गावाला त्यावरून ठरवता येत नाही. राजस्थान आणि गुजरातमध्ये 'मारवी' नावाचा प्रकल्प झाला. ऑस्ट्रेलियातलं वेस्टर्न सिडनी विद्यापीठ, उदयपूरचं महाराणा प्रताप कृषी आणि तंत्रज्ञान विद्यापीठ आणि इतर संस्था त्यात होत्या. त्यांनी गावातल्याच माणसांना शिकवून 'भूजल जानकार' तयार केले. ते दर आठवड्याला विहिरी मोजायचे. मोजपट्टी हातात असलेला माणूस गावचाच असला की वाद आकड्याच्या खरेखोटेपणावर अडत नाही, पुढं सरकतो.

आपल्याकडं हे करायला लागतं काय? वजन बांधलेली मोजपट्टी, कठड्यावर ऑइल पेंटची खूण, एक वही. माप नेहमी त्याच खुणेपासून आणि सकाळी मोटार सुरू व्हायच्या आत. पण शेतीची थ्री-फेज लाइट ज्या आठवड्यात रात्रीची असते त्या आठवड्यात सकाळचं माप फसवं येतं, कारण विहीर रात्रभर उपसलेली असते. गावातल्या नोंद करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, तो स्वतःच वहीत 'रात्रपाळी' लिहितो. तुमच्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याला मात्र खाली-वर उड्या मारणारा आलेख बघून आठवडाभर डोकं खाजवावं लागेल. जुनी माणसं विहिरीची खोली परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, सांगतात. सांगू द्या, वहीत मीटर लिहा. आणि या कामाचे पैसे द्या. आपण प्रवासभत्ता घेणार, पीएचडी आपली होणार आणि गावातल्या पोरानं मात्र समाजसेवा म्हणून वर्षभर विहिरी मोजायच्या, हे मला पटत नाही. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात मानधनाचं कलम पहिल्या दिवशीच टाका, नंतर मंजूर करून घेणं महाकठीण.

आकडे गावात दिसलेही पाहिजेत. ग्रामपंचायतीच्या फलकाकडे कोणी बघत नाही. दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ अर्धं गाव कॅन घेऊन उभं असतं, तिथला फळा वाचला जातो. अर्थात, काय लिहायचं ते गावाला विचारूनच. शेतकऱ्याच्या मनात भीती असते, आणि ती बिनबुडाची नाही. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात विहिरींच्या नोंदणीची, नियंत्रणाची तरतूद आहे. 'हे लोक मोजून गेले की उद्या मीटर बसणार' असं पारावर बोललं जातंच. मी त्यासाठी दोन नियम केले होते. खाजगी विहिरीचं माप मालकाच्या परवानगीशिवाय नावानिशी कुठंही लावायचं नाही, फळ्यावर फक्त शिवाराची सरासरी. सार्वजनिक पाण्याचं माप मात्र कोणी कितीही दबाव आणला तरी लपवायचं नाही. दुसऱ्या नियमावरून एका गावात आमची चांगलीच अडवणूक झाली. निवडणूक तोंडावर होती आणि खराब निघालेली टाकी पुढाऱ्यांच्या फोटोसकट उद्घाटन झालेली होती. तेव्हा निकाल आधी आशाताईंना आणि अंगणवाडीला दिला, फळ्यावर नंतर लिहिला. टाकीचं पाणी पिणाऱ्या घरांना तेवढे चार दिवस तरी मिळाले.

पाणाड्याचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. भर सभेत कोणीतरी म्हणेल, "मॅडम, आमचा पाणाड्या नारळावर पाणी सांगतो, तुमचं यंत्र कशाला?" त्याची टिंगल करू नका आणि खोटी वाहवाही नको. मी सांगायचे, की विहीर लागली ते सगळे सांगतात, आता लागल्या नाहीत त्या बोअरची यादी करू. यादी लोकच करतात, आणि ती कायम लांबते. तेवढ्यावर सगळे पटतात असं नाही. विहिरी खोदणाऱ्या माणसांकडं मात्र जरूर जा. मुरूम कितव्या फुटाला संपला, मांजऱ्या खडक कुठं लागला, काळ्या पाषाणात झरा कुठल्या अंगानं आला, हे त्यांना जसं आठवतं तसं कुठल्या अहवालात सापडणार नाही.

आता विद्यापीठाची बाजू. तुम्ही प्रश्नात लिहिलं नाहीत, तरी ती अडचण ओळींमधून दिसते. आपल्याकडं 'विस्तारकार्य' म्हटलं की एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर डोळ्यापुढं येतं. ते मुलांसाठी फार चांगलं आहे, पण सात दिवसांत गावाचा प्रश्न कळत नाही. विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला पुरावा लागतो, म्हणून बॅनर, हजेरीपट आणि फोटो यांना महत्त्व येतं. पदोन्नतीच्या अर्जात पेपर जितका मोजला जातो तितका दूध केंद्रावरचा फळा मोजला जात नाही. हे मी बदलू शकले नाही आणि तुम्हीही एकट्यानं बदलू शकणार नाही. त्यातून वाट काढता येते. १९७० च्या दशकात नेदरलँड्समधल्या विद्यापीठांनी 'विज्ञान दुकानं' काढली. नागरिकांच्या संघटनांनी आपला प्रश्न तिथं घेऊन यायचं आणि प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी त्यावर संशोधन करायचं. आयआयटी मुंबईचं 'सितारा' हे केंद्र १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानाच्या प्रश्नांवर काम करतंय. त्यांचे विद्यार्थी गावात राहून नळयोजना, पाण्याचा ताळेबंद यांवर काम करतात आणि त्याला क्रेडिट असतं. हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीसाठीच्या राज्य सरकारच्या पोकरा प्रकल्पात गावोगावचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धतही आयआयटी मुंबईच्या मदतीनं तयार झाली. तुमच्या विभागात दरवर्षी एमएस्सीचे प्रबंध होतातच. त्यांतले दोन-तीन विषय गावातून आलेले घ्या. नव्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पाला आणि समुदाय सहभागाला क्रेडिट आहेत, तिथं हे सहज बसतं. एक अट मात्र पाळा: गाव तेच ठेवा, विद्यार्थी बदलू द्या. दरवर्षी नवं गाव धरलं की दरवर्षी ओळखीपासून सुरुवात, आणि गावाला नवीन फॉर्म भरून देण्याचा वैताग.

गावानं मन घातलं तर काय होतं ते अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला दिसतं. तिथं पाऊस आणि विहिरींचा हिशेब मांडून ग्रामसभेत पिकं ठरतात. पण ते वर्षानुवर्षं टिकलेल्या गावच्या नेतृत्वाचं फळ आहे. विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या प्रकल्पातून असं गाव घडेल अशी अपेक्षा ठेवू नका आणि अहवालात तसं लिहूही नका. तुमच्या हातात आहे ते एवढंच, की ज्या गावाला हिशेब मांडायचा आहे त्याच्याजवळ खरे आकडे असावेत आणि ते मोजायला शिकलेली माणसंही असावीत.

तुमचा प्रकल्प अजून चालू आहे, म्हणून लगेच करण्यासारखं सांगते. त्याच गावात परत जा, स्लाइड्स न घेता. ज्यांच्या विहिरींचे नमुने घेतलेत त्यांच्या घरी जाऊन प्रत्येकाला त्याच्या विहिरीचा निकाल मराठीत, एका कागदावर द्या: किती निघालं, त्याचा अर्थ काय, काय करावं. सार्वजनिक स्रोतांची यादी आशाताईंकडं द्या. मग पुढच्या नमुन्यांच्या जागा त्यांच्याबरोबर बसून ठरवा. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला असतात. रब्बीच्या आधीची ऑक्टोबरची आणि टंचाईतली मेची, या दोन तुमच्या कामाच्या. सरपंचांना सांगून विषयपत्रिकेवर दहा मिनिटं मागून घ्या आणि बोलायला वही ठेवणाऱ्या मुलीला किंवा बचत गटातल्या कोणाला उभं करा. तुम्ही मागं बसा, अडलं तर सांगा.

आणि व्हॉट्सअॅप ग्रुप काढाच, पण फक्त नोंद करणारे, जलसुरक्षक, आशाताई आणि तुमचे दोन विद्यार्थी एवढ्यांचाच. वहीच्या पानाचा फोटो दर आठवड्याला त्यावर आला, की तुमचं अर्धं काम झालं.